खानदेशचा वाचक आणि त्याची दोन पुस्तके

मनावर कायमची उमटलेली कथा-कादंबरी कोणती, असे खानदेशातल्या वाचकाला विचारले तर शाळेच्या दिवसांची आठवण सांगणारा बहुधा ‘श्यामची आई’चे नाव घेतो आणि कॉलेजच्या दिवसांची सांगणारा ‘कोसला’चे. ही दोन्ही पुस्तके खानदेश आपली मानतो. प्रत्यक्षात पहिल्यातले घर कोकणातले आहे आणि दुसऱ्याचा मोठा भाग पुण्यात घडतो. ज्यांच्या पानांत आपला मुलूख इतका कमी आहे ती पुस्तके इथे घरची कशी झाली, याची मुळे या भागाच्या वाचनाच्या सवयीत आहेत.

मुळात खानदेश गोष्ट ऐकणारा. वहीगायनाची लोककला, कीर्तन, चातुर्मासातली पोथी यांतून इथे कथा कानांवर येत असे आणि ती एकट्याने, मनातल्या मनात वाचायची वस्तू आहे ही कल्पना फार उशिरा रुजली. मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली, तर जळगावचे आजचे व. वा. वाचनालय १८७७ मधले. पण अशा वाचनालयांचा वावर दीर्घकाळ वकील, शिक्षक आणि कारकून यांच्यापुरताच राहिला.

अमळनेरला मात्र वेगळे घडले. प्रताप शेठजींच्या गिरणीच्या या गावात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि पुढे कोकणातल्या पालगडचा एक तरुण, पांडुरंग सदाशिव साने, तिथे आला व १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर साने गुरुजींनी मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक चालवले, पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले आणि १९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा ती प्रवचने उतरवून घेणारा हात गुरुजींचाच होता. पुढच्याच वर्षी, ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला. १९३५ साली पुस्तक निघाले. त्याला कादंबरी म्हणावे की आठवणी, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा; खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाची ती त्याची बांधणी. आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीच्या प्रार्थनेनंतर श्याम गोष्ट सांगतो आणि पुस्तकाची प्रकरणेही प्रकरणे नसून बेचाळीस रात्री आहेत. छात्रालयातल्या मुलांपुढे बसणाऱ्या शिक्षकाची ही बैठक आहे, असे मला नेहमी वाटत आले. ऐकण्याची सवय असलेल्या घरांत हे पुस्तक आले ते म्हणूनच मोठ्याने वाचले जाण्यासाठी. आमच्याकडे दुपारी बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या आजीला मी ते वाचून दाखवत असे. तिला अक्षरओळख नव्हती आणि समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी ती विचारी, ‘त्या पोऱ्याले झोप लागनी का?’ श्यामचे गाव कुठले, हे तिने एकदाही विचारले नाही.

१९४५ साली जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरात प्रताप महाविद्यालय सुरू झाले. तरीही केळी-कापसावर बरे चाललेल्या घरांतली काही मुले पुण्याला जात राहिली. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे त्यांपैकीच, आणि १९६३ साली आलेल्या ‘कोसला’चा पांडुरंग सांगवीकरही त्यांपैकीच. वडिलांच्या पैशावर होस्टेलात राहणारा, मेसच्या कारभारात आणि गॅदरिंगच्या खर्चात अडकत जाणारा, धाकट्या मनीच्या मृत्यूने हादरणारा आणि शेवटी काहीही न मिळवता गावी परतणारा हा मुलगा समीक्षकांना परात्म, अस्तित्ववादी वगैरे दिसला. इकडच्या मुलांना तो तसा दिसला नाही. बापाच्या घामाचा पैसा परगावी उडवून रिकाम्या हाताने घराचा उंबरठा ओलांडताना जी लाज वाटते, ती त्यांना ओळखीची होती आणि ती छापलेली त्यांनी प्रथमच पाहिली. चुलतभावाकडून माझ्याकडे आलेल्या प्रतीत वडिलांसंबंधीच्या मजकुराला समासात पेन्सिलीची उभी रेघ होती, आणि तिच्याखाली निळ्या शाईने, वेगळ्याच अक्षरात, ‘आमचे पण’ असे लिहिलेले होते. कादंबरीतले ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ तर मुलांच्या बोलण्यात असे शिरले की मूळ कुठले याचा विसर पडला.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानाची सोय झाली आणि पुढे तालुक्यांबरोबर खेड्यांतही वाचनालये वाढली. तिथून घरी जाणाऱ्या पुस्तकांत अर्थात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, ‘ययाति’, ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ यांचीच चलती होती, हे मान्य केले पाहिजे. ती पुस्तके वाचली जात आणि वेळेवर परत येत. ‘कोसला’ मात्र बहुधा वाचनालयाबाहेरच फिरले, होस्टेलच्या एका खोलीतून दुसरीत, आणि ज्याने दिले त्याच्याकडे ते क्वचितच परतले.

खानदेशातले गाव थेट मध्यभागी आले ते नेमाड्यांच्याच ‘हिंदू’मध्ये, २०१० साली. मोरगावचा खंडेराव, त्याचे कुटुंब, तिथली शेती आणि बोली असा इथला सगळा ऐवज त्या कादंबरीत आहे, आणि लेखकाला पुढे ज्ञानपीठही मिळाले. १९५२ नंतर थेट २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन भरले, त्याच्या आसपास आमच्या गावच्या वाचनालयात सहज कपाट उघडून पाहिले. ‘हिंदू’ अजून मूळ बांधणीतच होती. ‘कोसला’ तिसऱ्यांदा बाइंडिंग होऊन आली होती, पाठीवर नाव हाताने लिहिलेले. ‘श्यामची आई’ जागेवर नव्हते. ग्रंथपाल म्हणाले, ते जागेवर कधी नसतेच.