मुलाला काय बाधलं: पोटातलं कोकेन की घरातलं दारिद्र्य?

1980च्या दशकात अमेरिकेत 'क्रॅक बेबी' (क्रॅक म्हणजे धूर ओढून घ्यायचं कोकेन) हा शब्द निघाला आणि कितीतरी तान्ह्या बाळांच्या कपाळी चिकटला. आईने गरोदरपणी कोकेन घेतलं, म्हणजे मूल जन्माचं मंद आणि हाताबाहेरचं निघणार, अशी भाकितं तेव्हा बिनदिक्कत छापली जात.

फिलाडेल्फियात डॉ. हॅलम हर्ट यांनी 1989 पासून दोनशेहून अधिक बाळांवर लक्ष ठेवलं. निम्म्यांच्या आयांनी कोकेन घेतलेलं, निम्म्यांच्या नाही. घरं मात्र सगळीच गरिबाची. चौथ्या वर्षी बुद्ध्यांक मोजला, तर एका गटाची सरासरी 79, दुसऱ्याची जवळपास 82. दोन्ही गट सारखेच मागे! सहा-सात वर्षांच्या या मुलांपैकी चारातल्या तिघांनी गोळीबाराचे आवाज ऐकले होते. जवळपास पाचातल्या एकाने रस्त्यावर प्रेत पाहिलं होतं.

मग पोटातल्या अमली पदार्थाने काहीच होत नाही का? होतं, पण ते वेगळं काढायचं तर घर बदलून पाहावं लागतं. जेरुसलेमचे संशोधक आशेर ऑर्नॉय यांच्या 1996च्या अभ्यासात नेमकं तेच झालं. हेरॉइन घेणाऱ्या आयांची काही मुलं घरीच वाढत होती, काही लहानपणीच दत्तक गेली होती. घरी वाढलेली मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडली, दत्तक गेलेली इतर मुलांच्या बरोबरीने चालली. मला सगळ्यात बोलका वाटतो तो तिसरा गट: व्यसन फक्त बापाला. या मुलांच्या अंगात गर्भात हेरॉइनचा कणही गेलेला नव्हता, तरी तीही मागेच. (दारूची गोष्ट मात्र निराळी. ती गर्भाच्या मेंदूला थेट इजा करते, आणि ती इजा चांगल्या घरानेही पुरती भरून निघत नाही.)

पण याच अभ्यासात दत्तक मुलांमध्येही अतिचंचलपणा आणि लक्ष न लागणं नेहमीपेक्षा जास्त आढळलं. म्हणजे शिकण्या-समजण्याचं बरंचसं घराने सावरलं, चुळबुळ तेवढी राहिली. त्यात गर्भाचा वाटा किती आणि आईबापांकडून आलेल्या स्वभावाचा किती, हे एवढ्यावरून सुटं करता येत नाही. अशा मुलाला पोटच्या पोरासारखं वाढवणारी आई मात्र, ते गृहपाठ अर्धा टाकून तिसऱ्यांदा उठलं की, 'माझंच काही चुकलं' म्हणून स्वतःलाच बोल लावत बसते. तिचं चुकलेलं नसतं.