माकडताप जंगलातच थांबतो, कोरोना का थांबला नाही?

काजूचा हंगाम आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आरोग्य खात्याचा एक निरोप ठरलेला असतो: जंगलात माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आम्हाला कळवा. कारण माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. २०१५ पासून तो सत्तरीतल्या काजू बागायतींत माणसांना गाठू लागला. गोचीड चावते, ताप चढतो आणि शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. म्हणजे तसं पाहिलं तर हा कोरोनापेक्षा घातक. पण त्याच्यामुळे पणजीच्या बाजारातलं एक दुकानही कधी बंद झालं नाही. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे जातच नाही, त्यामुळे रुग्णापाशी त्याचा प्रवास संपतो.

कोरोनाचं तसं नाही. सार्स-कोव्ह-२ ची सगळी जनुकीय संहिता जेमतेम ३० हजार अक्षरांची. स्वतःची प्रथिनं बनवायची सोय त्याच्याकडे नाही, ती आपल्या पेशींकडून करून घ्यावी लागतात. अंगावरच्या काट्यांनी तो एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, आणि हे प्रथिन आपल्या नाकातल्या पेशींवर असतं. त्याच्या यशाचं मर्म या पत्त्यातच आहे. नाकात आणि घशात वाढणारा विषाणू बोलताना, हसताना, भजनात सूर लावताना आपोआप बाहेर पडतो. मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जातात, आणि लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस विषाणू वाटत फिरत असतो.

पत्रादेवी, पोळे, मोले, केरी या गोव्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर २०२० मध्ये कपाळावर रोखलेलं ते तापमापक पिस्तूल आठवत असेल. ते फक्त ताप ओळखतं. ज्याला ताप उद्या येणार आहे तो आज निवांत नाका ओलांडतो.

गोव्यात, त्यातही सासष्टीत, बोटीवर नोकरीला असलेलं कोणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या किनाऱ्यावर अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस या बोटीची बातमी इथे जरा जास्तच काळजीने वाचली गेली. बोटीवर ३७११ माणसं होती, त्यांत १३८ भारतीय, बहुतेक कर्मचारी. ७१२ जणांना लागण झाली. शास्त्रज्ञांना ही बोट अभ्यासाला फार मोलाची ठरली, कारण एरवी फक्त आजारी माणसाची तपासणी होते, इथे जवळपास सगळ्यांची झाली. बाधितांपैकी जवळजवळ निम्म्यांना तपासणीच्या वेळी काहीच त्रास नव्हता. ‘मला कुठे काय होतंय’ या वाक्याची किंमत तेव्हा आकड्यांत कळली.

एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो, या आकड्याला संसर्गदर म्हणू. सुरुवातीच्या कोरोनाचा तो दोन ते तीनच्या दरम्यान होता. अडीच धरा, आणि दर पाच दिवसांनी पुढची पिढी. महिन्याभरात एकाचे चारशेच्या वर होतात. आता माणसांच्या गाठीभेटी निम्म्यावर आणा, म्हणजे संसर्गदर सव्वा. त्याच महिन्यात एकाचे होतात पंधरा. निम्म्याने केलेली काटकसर पंचवीसपटींहून जास्त फळ देते. पण गणित उलटही तितकंच वेगाने फिरतं, आणि ही उलटी बाजू गोव्याने अनुभवली.

२५ मार्च २०२० रोजी राज्यात पहिले तीन रुग्ण सापडले. तेव्हा नमुने तपासायला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत पाठवावे लागत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या पथकाला प्रशिक्षणासाठी नौदलाच्या विमानाने पुण्याला नेलं आणि मग बांबोळीतच प्रयोगशाळा उभी राहिली. १९ एप्रिलपर्यंत सातही रुग्ण बरे झाले. राज्य कोरोनामुक्त झालं म्हणून आपण पाठ थोपटून घेतली. मेच्या मध्यात बाहेरून येणाऱ्यांबरोबर विषाणू परत आला आणि जूनच्या आरंभी वास्कोचं मांगोर हिल बंद करावं लागलं. पाठोपाठ सत्तरीत मोर्ले. राज्यातला पहिला मृत्यू २२ जूनला नोंदला गेला, तो मोर्लेचाच.

मांगोर हिलच का? ‘सरासरी अडीच’ हा आकडा इथे थोडा फसवतो. प्रत्यक्षात बहुतेक बाधित कोणालाच लागण देत नाहीत. दहा-वीस टक्के रुग्णच सुमारे ऐंशी टक्के प्रसाराला कारण ठरतात. हा त्या माणसांचा दोष नव्हे, जागेचा आणि वेळेचा मेळ बसतो. खेटून असलेली घरं, कमी खिडक्या, एका खोलीत चार-पाच जण, आणि सगळ्यांची कामं बाहेर जाऊन करायची. मिरामारच्या बंगल्यात जो विषाणू एका खोलीत कोंडता येतो, तो अशा वस्तीत कोंडणार कुठे? त्या वेळी मांगोरच्या लोकांकडे संशयाने पाहिलं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दाटीच्या वस्तीत राहणं कोणी हौसेने निवडत नाही.

पैशाकडे वळायचं तर विषाणूला पसरायला जे लागतं, तेच गोव्याच्या पोटापाण्यालाही लागतं: अनोळखी माणसांचं जवळ येणं. किनाऱ्यावरच्या शॅकमधलं टेबल, कसिनो, चार्टर विमान, ‘पायलट’च्या म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलची मागची सीट. खाणी तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यापासून बंदच होत्या, आधार उरला होता तो पर्यटनाचा. २०१९ मध्ये राज्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले होते, २०२० मध्ये तीस लाखही नाहीत.

हा फटका एका धंद्यापाशी थांबत नाही. हॉटेल बंद म्हणजे इसवण माशाला गिऱ्हाईक नाही. ट्रॉलरवरचे खलाशी ओडिशा-झारखंडचे, ते गावी निघून गेले. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज दुचाकीवर गोव्यात कामाला येणारी पोरं नाक्यापलीकडे अडकली, आणि बांबोळीला उपचारासाठी येणारे सिंधुदुर्गातले रुग्णही. पहिल्या काही दिवसांत तर भाजीचीच पंचाईत झाली, कारण आपली भाजी यायची बेळगावहून.

सगळं खापर टाळेबंदीवर फोडायची एक पद्धत आहे. पण अमेरिकेत मोबाइलच्या माहितीवरून झालेल्या एका अभ्यासात दुकानांतली वर्दळ ६० टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि त्या ६० पैकी सरकारी बंदीमुळे झालेली घट फक्त ७ टक्क्यांची होती. बाकी लोक भीतीने आपणहूनच घरी बसले होते. आपल्याकडची टाळेबंदी त्याहून कितीतरी कडक होती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचं सकल उत्पन्न आधीच्या वर्षापेक्षा जवळपास २४ टक्क्यांनी घसरलं होतं. तरीही एवढं कळतं की साथ चालू असताना दुकानाचं दार उघडं ठेवलं म्हणून गिऱ्हाईक आत येतंच असं नाही.

मग डेल्टा हा कोरोनाचा नवा प्रकार आला. विषाणू स्वतःची प्रत काढताना चुका करतो, बहुतेक चुका वाया जातात, एखादी त्याच्या फायद्याची निघते. डेल्टाचा संसर्गदर पाचाच्या पुढे मानला जातो. मे २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात तपासलेल्या दर दोन नमुन्यांतला एक बाधित निघत होता. इतकं प्रमाण दिसलं की समजायचं, तपासणी साथीच्या फार मागे पडली आहे आणि न मोजलेले रुग्ण कितीतरी जास्त आहेत.

बांबोळीच्या रुग्णालयातल्या त्या रात्रींकडे नुसतं हिशेबाच्या नजरेने पाहा. जास्त प्रवाहाने प्राणवायू लागणाऱ्या रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू द्यावा लागतो. मोठ्या सिलिंडरमध्ये तो साधारण ७००० लिटर असतो. म्हणजे एका रुग्णाला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. सिलिंडरांच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणायच्या, जोडायच्या, रिकाम्या काढायच्या. या अदलाबदलीत नळीतला दाब उतरला की वॉर्डातल्या सगळ्या खाटांना एकदमच कमी पडतो. मध्यरात्र उलटल्यानंतर दोन ते सहाच्या दरम्यान मृत्यू वाढत होते आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं. पुढे २० हजार लिटरची द्रव प्राणवायूची टाकी बसली. राज्यात नोंद झालेल्या सुमारे चार हजार कोरोना मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास त्या एका महिन्यातले आहेत. रुग्ण दुप्पट झाले म्हणून मृत्यू दुप्पटच होतात असं नाही. खाटा, नळ्या आणि परिचारिका यांची मर्यादा ओलांडली की आलेख एकदम उभा चढतो.

पर्यटक परतले, पण पूर्वीचे नव्हेत. २०१९ मध्ये नऊ लाखांहून अधिक विदेशी पाहुणे आले होते, २०२१ मध्ये जेमतेम २२ हजार. २०२३ पर्यंत देशी पर्यटकांनी २०१९ चा आकडा ओलांडला, विदेशी मात्र निम्म्यापर्यंतच पोचले. चार्टरने येणारा पेन्शनर पंधरा दिवस राहायचा आणि रोज त्याच शॅकवर जेवायचा. मुंबई-बंगळुरूहून येणारा शनिवार-रविवार काढून परततो. माणसं मोजली तर भरपाई झाली, पण शॅकवाल्याची झालेली नाही. मधल्या काळात रशिया-युक्रेन युद्धही सुरू झालं होतं, त्यामुळे या घटीतला साथीचा वाटा किती आणि युद्धाचा किती, हे आता वेगळं काढणं अवघड आहे.