कटलास: छपरामुळे गाजलेली गाडी

१९७६ साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली गाडी म्हणजे ओल्डस्मोबाइल कटलास. तिथे ती ‘मध्यम’ गणली जायची. लांबी मात्र सव्वापाच मीटरांच्या वर. आपली अँबॅसेडर तिच्याहून मीटरभर आखूड.

१९६१ मध्ये आली तेव्हा ती खरोखरच लहान होती. १९६४ मध्ये ओल्डस्मोबाइलची मालक कंपनी जनरल मोटर्सने तिला मध्यम गाड्यांच्या सांगाड्यावर चढवलं आणि त्याच वर्षी ४४२ हे दणकट मॉडेल काढलं. १९७० च्या ४४२ ला साडेसात लिटरचं इंजिन होतं, ताकद ३६५ अश्वशक्ती. मग धुराचे नियम आवळले गेले, विम्याचे हप्ते चढले आणि आकडे भराभर उतरले. त्यातली काही घट कागदावरचीच म्हणायला हवी, कारण १९७२ पासून इंजिनाला पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर जोडलेले ठेवून ताकद मोजू लागले.

माझ्या मते कटलासचं खरं रूप घडलं ते १९७३ मध्ये. गाडी उलटली तरी छप्पर टिकलं पाहिजे असा कडक नियम येणार, उघड्या टपाच्या गाड्या बंद होणार, अशी तेव्हा धास्ती होती. तशी बंदी शेवटी आलीच नाही. पण उघडी कटलास १९७२ सालीच थांबली होती आणि नव्या गाडीत दारामागचा खांब परत आला होता. तो झाकण्यासाठी म्हणून नव्हे, तर मिरवण्यासाठी कारागिरी झाली: सुप्रीम नावाच्या दोन दारांच्या कटलासचं ताठ छप्पर, मागच्या रुंद खांबात उभी अरुंद ‘ऑपेरा’ काच, छपराच्या मागच्या अर्ध्यावर व्हिनाइलचं (चामड्यासारख्या प्लास्टिकचं) आवरण, आत मऊ वेलूरच्या सीटा.

त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं. पंपांवर रांगा लागल्या. मोठ्या गाडीची सवय झालेल्या माणसाला एक पायरी खाली उतरायचं होतं, पण थाट सोडायचा नव्हता. त्याला कटलास नेमकी भावली.

१९७८ मध्ये कटलास बरीच आखूड आणि हलकी झाली. सलॉन मॉडेलला कंपनीने मागे उतरती पाठ दिली. लोकांनी ती नाकारली आणि ताठ छपराची सुप्रीमच उचलली. १९८० मध्ये चार दारांच्या कटलासलाही तसंच ताठ छप्पर द्यावं लागलं.