थीम क्विझची पार्श्वभूमी: उखाणा, तिठा आणि हॉटसीट

गणपतीत आमच्या सोसायटीत क्विझ असतं आणि गेली काही वर्षं प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मी सरळ सामान्य ज्ञान घेतलं, राजधान्या, नद्या, अमुक करणारी पहिली महिला कोण वगैरे, तर चार-पाच जण पटापट उत्तरं देत होते आणि बाकीचा हॉल मोबाईल बघत बसला होता. पुढच्या वर्षी एक राउंड वेगळा ठेवला, वाक्यात लपलेलं गाव शोधा. 'दिवसा तारा कसा दिसेल?' म्हटलं आणि दोन सेकंदांत मागच्या रांगेतल्या एक आजी ओरडल्या, "सातारा!" मग 'मला तूर नको, मूग दे', मग 'कोणी ना शिकवता ती पोहायला लागली'. हॉलमध्ये एकही माणूस गप्प नव्हता. तेव्हापासून हा फरक नेमका कुठून येतो हे शोधायचा नाद लागला, त्यातनं जे हाती आलं ते इथे लिहितोय.

प्रश्नाचा खेळ आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याची सुरुवात माहितीपासून नाही तर कोड्यापासून झालीये. यजुर्वेदात अश्वमेधाच्या वेळी पुरोहित एकमेकांना प्रश्न घालतात, त्याला ब्रह्मोद्य म्हणतात. एकटा कोण फिरतो? सूर्य. पुन्हा पुन्हा कोण जन्मतो? चंद्र. थंडीवर औषध काय? अग्नी. हेच प्रश्न पुढे महाभारतातल्या यक्षप्रश्नात येतात, आणि तिथे तर उत्तर न देता पाणी प्यायलं की जीवच जातो, चार पांडव तळ्याकाठी पडलेले आणि धर्मराज एकेक उत्तर देतोय. मला या प्रश्नांचं कौतुक वाटतं ते यासाठी की उत्तर पाठ असायची गरज नाही. डोळे उघडे ठेवून जगलेल्या माणसाला ते सुचू शकतं.

संस्कृतवाल्यांनी मग याचं शास्त्रच करून टाकलं. दंडी नावाच्या संस्कृत कवीने काव्यादर्शात प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार दिलेत. आणि शब्द तोडून अर्थ फिरवायची गंमत बघायची असेल तर 'केशवं पतितं दृष्ट्वा' हा कूटश्लोक बघा. ऐकताना वाटतं केशव पडला म्हणून कौरव रडतायत, पण 'के शवं' असं तोडलं की होतं 'पाण्यात पडलेलं प्रेत', आणि कौरव म्हणजे कोल्हे, ते रडतायत कारण प्रेत पाण्यात गेल्यामुळे त्यांना खाता येत नाही! आमच्या 'दिवसा तारा'ची जात तीच, फक्त सोपी.

मराठीत हे थेट संतांपासून आहे. मुक्ताबाईची आकाशात उडून सूर्याला गिळणारी मुंगी, ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेली काट्याच्या अणीवर वसलेली तीन गावं, ही कोडीच आहेत, उत्तर फक्त अध्यात्मातलं आहे. नंतर बारामतीचे मोरोपंत (१७२९ ते १७९४). त्यांनी १०८ रामायणं लिहिली असं म्हणतात आणि त्यातल्या बऱ्याच रामायणांत काही ना काही अट पाळलीये. निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लावून म्हणायची अक्षरंच नाहीत, म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता विचार करा, म नाही म्हणजे 'राम' हा शब्दच लिहिता येत नाही आणि लिहायचंय रामायण. मी एकदा प-वर्ग टाळून साधं चार ओळींचं निमंत्रण लिहायचा प्रयत्न केला, तासभर गेला. अट घालून घेतली की भाषेचे कानेकोपरे दिसायला लागतात, आणि थीम क्विझ, म्हणजे एकाच विषयावरचं क्विझ, करणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. विषय जितका चिंचोळा, तितके प्रश्न मजेशीर.

आणि घराघरातली कोडी तर विचारूच नका. आज उखाणा म्हटलं की लग्नात नाव घेणं एवढंच आठवतं, पण जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडंच. कुठे उमाणं म्हणतात, कुठे हुमान. 'कोकणातनं आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी' म्हणजे लसूण. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' म्हणजे चांदण्या आणि चंद्र. 'आटंगण पटंगण लाल लाल रान, बत्तीस पिंपळांना एकच पान' म्हणजे तोंड. हे रचणाऱ्या बायकांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत, पण लसणीच्या गड्ड्यावर बुक्की मारली की पाकळ्या घरभर होतात हे बघून त्याला लेकी म्हणणं, ही प्रतिभा आहे, मी तर म्हणेन प्रश्न काढायला शिकायचं असेल तर आधी ही कोडी पाठ करा. प्रश्नात सगळं दिलंय, लपवलंय फक्त नाव.

दुसरा प्रवाह बाहेरून आला, माहितीचा. क्विझ या शब्दाबद्दल एक गोष्ट सगळीकडे फिरते, डब्लिनच्या एका थिएटरवाल्याने पैज लावली आणि एका रात्रीत गावभर भिंतींवर हा निरर्थक शब्द लिहून घेतला, वर्ष १७९१. गोष्ट छान आहे पण शब्द त्याच्या आधीच वापरात होता, विक्षिप्त माणूस अशा अर्थाने. क्विझमध्ये हा प्रश्न कोणी काढला तर जपून. ट्रिव्हिया शब्दाचं मात्र मला फार आवडतं. लॅटिनमध्ये ट्रिव्हियम म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे आपला कोकणातला तिठाच की. तिठ्यावर उभं राहून माणसं ज्या बारीकसारीक गप्पा मारतात त्या ट्रिव्हिया. (मध्ययुगातल्या शिक्षणात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तिघांनाही ट्रिव्हियम म्हणायचे, तो धागाही यात आहे.) आजच्या अर्थाने तो शब्द रुळला १९६५ पासून, न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या एड गुडगोल्ड नावाच्या विद्यार्थ्याने कॉलेजच्या पेपरात जुने सिनेमे, रेडिओ, कॉमिक्स यावरचे प्रश्न विचारायचा खेळ मांडला तेव्हा. ते प्रश्न लहानपणाच्या आठवणींचे होते हे विसरू नका, परीक्षेचे नव्हते.

मग १५ डिसेंबर १९७९ ला माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट अ‍ॅबट हे दोन पत्रकार स्क्रॅबल खेळायला बसले, त्यातल्या काही सोंगट्या हरवलेल्या होत्या, आणि आपणच एक खेळ काढू या म्हणून ट्रिव्हियल पर्सूट हा प्रश्नोत्तरांचा पटावरचा खेळ जन्माला आला. सहा रंग, सहा विषय. विषयांचे कप्पे करून प्रश्न वाटायची सवय घराघरात गेली ती मोठ्या प्रमाणात या खेळामुळे, १९८४ मध्ये एकट्या उत्तर अमेरिकेत त्याचे जवळपास २ कोटी डबे खपले. आणि त्याच वर्षी एक खटला झाला तो प्रश्न काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवा. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने आपल्या ट्रिव्हियाच्या पुस्तकात मुद्दाम एक खोटी माहिती पेरली होती, टीव्हीवरच्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव फिलिप आहे अशी. ती जशीच्या तशी ट्रिव्हियल पर्सूटमध्ये आली. त्याने ३० कोटी डॉलर्सचा दावा ठोकला आणि हरला, कारण माहितीवर कोणाची मालकी नसते असं ठरलं. कायदा काही म्हणो, मी यातनं एवढंच घेतलं की एकाच ठिकाणी वाचलेली गोष्ट प्रश्नात घालायची नाही, दुसरीकडे ताडून बघायची.

एकाच विषयावरच्या प्रश्नांना मान मिळवून दिला तो मात्र ब्रिटनच्या मास्टरमाइंड या टीव्हीवरच्या कार्यक्रमाने, १९७२ मध्ये. तो कार्यक्रम काढणारा बिल राइट दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होता, जर्मनांनी केलेल्या त्याच्या उलटतपासणीवरून काळी खुर्ची, अंधार आणि तोंडावर दिवा ही कल्पना त्याला सुचली. स्पर्धक आपला विषय स्वतः निवडायचा. म्हणजे तुला जे मनापासून आवडतं त्यावर आम्ही प्रश्न काढतो, ये. ही गोष्ट मला कायम भावते.

आपल्याकडे पहिलं रीतसर क्विझ झालं १९६७ मध्ये, कलकत्त्याच्या एका चर्चच्या हॉलमध्ये, नील ओब्रायन यांनी घेतलेलं. १९७२ पासून रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट, आधी हमीद सयानी, ते गेल्यावर त्यांचे भाऊ अमीन सयानी, आणि ९० च्या दशकात टीव्हीवर नील यांचा मुलगा डेरेक. मधल्या काळात १९८५ ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं क्विझ टाइम. हे सगळं बरंचसं इंग्रजीत होतं, मराठी शाळेतल्या पोरांना ते लांबूनच बघायला मिळालं.

दार उघडलं ३ जुलै २००० ला, केबीसी, म्हणजे कौन बनेगा करोडपती. चार पर्याय, सोपे प्रश्न आधी, आणि भाषा घरातली. पहिला करोडपती झाला मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मराठी मुलगा, शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याबद्दलचा होता, उत्तर अ‍ॅटर्नी जनरल. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, त्याही १ कोटी जिंकल्या, त्या रात्री आमच्याकडे सगळे टाळ्या वाजवत होते. २०१३ ला तर मराठीतच करोडपती आलं, सचिन खेडेकरांचं. पण एक खंत आहे. हॉटसीटचा असर असा झाला की क्विझ म्हणजे चार पर्याय आणि पाठांतर हे डोक्यात पक्कं बसलं, शाळांतल्या प्रश्नमंजूषाही त्याच साच्याच्या झाल्या, आणि आजीच्या हुमानातली ती शोधायची मजा बाजूला पडली.

शब्दकोड्यांनी ती थोडी जपली. शब्दकोडं हे तसं परकं बाळ, आर्थर विनने २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये पहिलं छापलं, पत्त्यांतल्या चौकटसारखं, हिऱ्याच्या आकाराचं. पण मराठीत आल्यावर त्याचा स्वभाव बदलला. इंग्रजीत एका घरात एक लेटर, आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. 'पुस्तक'ला तीनच घरं, पु, स्त, क. म्हणजे आडव्या शब्दातलं 'स्त' उभ्या शब्दातही तसंच्या तसं बसलं पाहिजे, म्हणून मराठी शब्दकोडं रचणं जास्त अवघड आणि त्यात काळी घरंही जास्त लागतात. याच अक्षरांच्या हिशोबामुळे आपली उलटसुलट वाक्यं जमतात, 'चिमा काय कामाची', 'टेप आणा आपटे', 'तो कवी डालडा विकतो'. पहिल्यात चि ऱ्हस्व आणि ची दीर्घ, शेवटच्यात वी दीर्घ आणि वि ऱ्हस्व आहे, तेवढं चालवून घ्यायचं.

तिकडे कॉलेजच्या आणि शहरांतल्या क्विझ क्लबांत, बंगळुरूची कर्नाटक क्विझ असोसिएशन १९८३ ची, पुण्यात सीओईपी कॉलेजचे बोट क्लबवाले, प्रश्नाची तऱ्हा हळूहळू बदलत गेली. चार ओळींची गोष्ट सांगायची, त्यात दोन-तीन धागे सोडायचे, आणि टीमने डोकं लावून उत्तरापर्यंत पोचायचं. त्या मंडळींत अशा प्रश्नाला वर्कआउट होणारा प्रश्न म्हणतात. मला हे कळलं तेव्हा अगदी लख्ख वाटलं की हे तर लसणीचं कोडंच आहे, फक्त विषय बदलला!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये फॅमिली ग्रुपवर हेच धो धो आलं, इमोजीवरून म्हण ओळखा, वर्णनावरून भाजी ओळखा, पुण्यातला काका, नागपूरची मावशी आणि न्यू जर्सीतली भाची एकाच कोड्यावर भांडतायत. कोणाला कोड्यांचा इतिहास माहीत नव्हता, पण हात बरोबर तिथेच गेले.

यंदा गणपतीला माझी थीम आहे 'स्वयंपाकघर'. अर्धे प्रश्न माहितीचे, मिरची आणि बटाटा आपल्याकडे कुठून आले, कोणी आणले असे, आणि अर्धे कोड्याचे. एक इथे देऊन ठेवतो: तीन अक्षरी मी, पहिलं अक्षर काढलं तर अंघोळीला जातो, मधलं काढलं तर पोटात येते, सगळी जोडली तर तळ्यात फुलते, आणि माझ्या काकडीची भाजी कोणाकोणाच्या स्वयंपाकघरात होते.