न्यायिक स्वायत्तता

न्यायाधीशानं कायदा आणि पुरावा बघून निकाल द्यावा, राजा, मंत्री, पक्ष, पैसेवाला किंवा स्वतःचाच सिनियर जज यातलं कुणी नाराज होईल या धाकानं देऊ नये, एवढी ही कल्पना. मराठीत ‘न्यायालयीन स्वातंत्र्य’ आणि ‘न्यायिक स्वायत्तता’ हे शब्द सर्रास एकाच अर्थानं चालतात. फरक करायचाच झाला तर स्वातंत्र्य एकट्या जजचं आणि स्वायत्तता नेमणूक, बदली, बजेट बघणाऱ्या संस्थेची, असं धरलेलं बरं. दोन्ही एकमेकांच्या आड येऊ शकतात (पुढं ओत्सु प्रकरण बघा).

उगम कुठला यावर वाद आहे. बरेच जण इंग्लंडमधल्या 1607 च्या प्रसंगाकडं बोट दाखवतात. पहिल्या जेम्स राजाला स्वतः खटले चालवायचे होते आणि कॉमन प्लीज या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी त्याला तोंडावर सांगितलं की राजा माणसांच्या नाही पण देव आणि कायद्याच्या खाली आहे, अशी ही गोष्ट. पण ती आपल्याला कळते ती मुख्यतः कोक यांच्याच टिपणातून आणि ते टिपण छापलं गेलं 1656 मध्ये, म्हणजे ते वारल्यावर 22 वर्षांनी. उलट त्या काळातल्या एका पत्रात राजा भडकल्यावर कोक अक्षरशः हातापायांवर पडून माफी मागत होते असं आलंय. बहुतेक दोन्हीत थोडं थोडं खरं असावं. 1616 मध्ये राजानं त्यांना काढून टाकलंच, आणि त्या वेळच्या नियमात ते सहज बसत होतं, कारण जज ‘राजाची मर्जी असेपर्यंत’ खुर्चीवर असायचे.

म्हणून उगम म्हणून एकच तारीख हवी असेल तर 1701 चा अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट जास्त भक्कम वाटतो. त्यानं ‘मर्जी’च्या जागी ‘वर्तन चांगलं असेपर्यंत’ आणलं, पगार ठरावीक असावा असं म्हटलं आणि जजला काढायला पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची मागणी लागेल अशी वाट ठेवली. अर्थात तेही एका रात्रीत झालं नाही. 1641 मध्ये पहिल्या चार्ल्सनं अशा नेमणुका मान्य केल्या होत्या, नंतर त्या पुन्हा मर्जीवर गेल्या, 1701 चं कलम लागू झालं 1714 मध्ये, आणि राजा मेला की जजची नेमणूकही संपायची ती भानगड तिसरा जॉर्ज गादीवर आल्यावर मिटली. दोन्ही सभागृहांच्या मागणीवरून आजवर एकच जज गेला, 1830 मध्ये आयर्लंडचे जोना बॅरिंग्टन, तेही कोर्टाच्या पैशांच्या अफरातफरीमुळं.

फ्रान्समध्ये रस्ता भलताच होता. तिथं जजची जागा विकत मिळायची आणि 1604 पासून वार्षिक फी भरली की ती वारशानंही जायची, म्हणजे राजाला काढता येणार नाहीत असे जज तयार झाले ते पैशामुळं! 1771 मध्ये चान्सलर (राजाचे न्यायखात्याचे मंत्री) मोपू यांनी पॅरिसचं पार्लमाँ (हे कोर्ट, संसद नव्हे) मोडलं, 1774 मध्ये ते परत आलं आणि क्रांतीनं 1790 मध्ये कायमचं बंद केलं.

ओत्सु प्रकरण, 1891. बंदोबस्तावरच्या जपानी पोलिसानं रशियाच्या युवराजावर तलवारीचा वार केला, युवराज वाचला. रशिया चिडेल म्हणून सरकारला फाशी हवी होती आणि त्यासाठी जपानच्याच राजघराण्यावरच्या हल्ल्याचं कलम लावायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख कोजिमा इकेन यांनी ते हाणून पाडलं, जन्मठेप झाली. पण कोजिमा त्या खंडपीठावर नव्हतेच, त्यांनी जजांना गाठून पटवलं. सरकारपासून कोर्ट वाचलं, जज मात्र स्वतःच्या साहेबापासून वाचले नाहीत.

इस्लामी परंपरेत कायदेपंडित अबू हनीफा यांनी काझीपद (न्यायाधीशाचं पद) नाकारलं, तर त्यांचेच शिष्य अबू यूसुफ खलिफा हारून अल-रशीदचे मुख्य काझी झाले. चिनी साम्राज्यात जिल्ह्याचा अधिकारीच न्यायही करायचा, जिल्ह्याला वेगळा जज नव्हताच.

आजकाल जजला सरळ काढण्याऐवजी बऱ्याचदा आजूबाजूचे नियम बदलतात. 1937 मध्ये रुझवेल्ट यांना अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जास्तीत जास्त 6 जज वाढवायचे होते, सिनेटनं होऊ दिलं नाही. भारतात 1973 मध्ये तीन सिनियर जजांना ओलांडून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले आणि 1977 मध्ये एच. आर. खन्ना डावलले गेले, आणीबाणीत त्यांनी एकट्यानं सरकारच्या विरोधात निकाल दिला होता. पुढं 1993 च्या निकालानं कॉलेजियम (सिनियर जजांनीच नवे जज सुचवायची पद्धत) आलं, 2015 मध्ये त्याच्या जागी आणलेला नेमणूक आयोगाचा कायदा सुप्रीम कोर्टानं रद्द केला; जजांनीच जज निवडणं कितपत बरं हा वाद तिथूनच चालू आहे. हंगेरीनं रिटायरमेंटचं वय 70 वरून एकदम 62 केलं, युरोपियन युनियनच्या कोर्टानं 2012 मध्ये ते चूक ठरवलं. पोलंडनं सुप्रीम कोर्टासाठी तसंच 65 केलं आणि 2019 मध्ये तसाच निकाल खाल्ला.

निवडून येणारे जज हा आणखी वेगळा प्रकार. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत तो जुना आहे, मेक्सिकोनं जून 2025 मध्ये सुप्रीम कोर्टासाठीसुद्धा मतदान घेतलं.