टीबीचं ऑपरेशन आणि ‘शेवटचा उपाय’ हा घोळ

जुन्या पेशंटच्या छातीच्या एक्स-रेत कधीकधी एका बाजूच्या वरच्या बरगड्याच नसतात, छाती तिथे आत बसलेली दिसते. औषधं नव्हती त्या काळातलं ऑपरेशन ते. फुफ्फुस दाबून ठेवलं की टीबीने आत पडलेली पोकळी मिटेल असा हिशोब, म्हणून बरगड्या काढायचे, किंवा सुईने छातीत हवा भरायचे, ती जिरली की परत भरायची, असं वर्षानुवर्षं. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं औषध पेशंटला दिलं गेलं, १९५२ मध्ये आयसोनिआझिड, पुढे रिफाम्पिसिन आलं आणि ऑपरेशन मागे पडलं.

ते परत चर्चेत आलं रेझिस्टंट टीबीमुळे, म्हणजे आयसोनिआझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन मुख्य औषधंच लागू पडेनात तेव्हा. आणि तिथूनच ‘शेवटचा उपाय’ हा शब्द चिकटला, जो माझ्या मते पेशंटचं सगळ्यात जास्त नुकसान करतो. घरच्यांना वाटतं सगळी औषधं फेल गेली की मग ऑपरेशन. पण तोवर बऱ्याचदा आजार दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला असतो आणि सर्जनला काढण्यासारखं काही उरत नाही! ऑपरेशनचा विचार होतो तो आजार एकाच भागात असेल, बाकीचं फुफ्फुस श्वास पेलण्याइतकं चांगलं असेल आणि हाताशी लागू पडणारी औषधं असतील तर. आधी काही महिने औषधं देऊन जंतू कमीत कमी झालेत, शक्यतो बेडक्याचं कल्चर (त्यातले जंतू वाढतात का ते बघायची तपासणी) निगेटिव्ह आलंय, ती खरी वेळ. जंतू भरपूर असताना कापलं तर श्वासनळीचं शिवलेलं टोक नीट भरत नाही, तिथून हवा गळत राहते, छातीत पू होतो. ऑपरेशननंतरही औषधं चालूच राहतात हे तर कुणी सांगतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही औषधांच्या जोडीला फुफ्फुसाचा थोडा भाग काढण्याला मान्यता आहे, अख्खं फुफ्फुस काढण्याचा तसा फायदा आकड्यांत दिसला नव्हता.

खोकल्यातून उलटीसारखं भरपूर रक्त पडलं तर आधी ती रक्तवाहिनी आतून बंद करून बघतात. आणि टीबी बरा झाल्यावर उरलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढून रक्त पडत असेल, तर ऑपरेशनचा विचार होतोच, तिथे टीबीची औषधं काही करत नाहीत.

बेडाक्विलिन हे नवं औषध आल्यापासून, आणि आता सहा महिन्यांच्या कोर्समुळे, रेझिस्टंट टीबीतही फार थोड्यांवर ही वेळ येते. पण त्या थोड्यांना छातीच्या सर्जनकडे पाठवायचं ते कल्चर निगेटिव्ह आल्यावर, फेल होण्याची वाट बघून नाही.