ट्रॅमल: कोळ्याच्या जाळ्यातून कायद्याच्या कलमात

'ट्रॅमल' हे इंग्रजी क्रियापद आता क्वचितच भेटतं. अडकवणं, मोकळ्या हालचालीला पायबंद घालणं, हा त्याचा अर्थ. नकारार्थी रूप मात्र अमेरिकेच्या एका कायद्यात ठाण मांडून बसलं आहे आणि भलेभले ते चुकीचं वाचतात.

मुळात हे जाळ्याचं नाव. उत्तरकालीन लॅटिनमधले 'तीन' आणि 'आस' (जाळ्याचं भोक) हे शब्द जोडून ते झालं, असं सहसा मानतात. जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकात ते इंग्रजीत आलं. या जाळ्याला तीन पदर. बाहेरचे दोन मोठ्या आसाचे, मधला बारीक आसाचा आणि मुद्दाम सैल सोडलेला. मासा पहिल्या पदरातून सहज आत शिरतो, मधल्याला धडक देतो आणि तोच पदर घेऊन पलीकडच्या मोठ्या आसातून बाहेर पडतो. झाली थैली तयार! पुढे रेटा दिला की ती आणखी आवळते.

पुढे घोड्याला विशिष्ट चाल शिकवताना त्याच्या पायांना बांधायच्या दोरांनाही हेच नाव पडलं. आपला 'पायबंद'ही मूळचा घोड्याचाच. शेक्सपिअरने मात्र जाळंच धरून ठेवलं. राजाच्या खुनाबरोबर त्याचे परिणामही जाळ्यात गुंडाळता आले असते तर, असं मॅकबेथ मनाशी म्हणतो, तिथे हेच क्रियापद आहे.

१९६४च्या 'वाइल्डरनेस अ‍ॅक्ट'चा मसुदा हॉवर्ड झानाइझरचा. हा गृहस्थ पेशाने संपादक. राखीव रानाची व्याख्या करताना त्याने 'अनट्रॅमल्ड' हा शब्द निवडला. सहकाऱ्यांना तो खटकला, पण हा हटला नाही. ३ सप्टेंबरला अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. झानाइझर त्याआधीच, मे महिन्यात वारला होता. सुरुवातीला सुमारे ९१ लाख एकर जमीन या कायद्याखाली आली, आज ती ११ कोटी एकरांच्या वर आहे.

पुष्कळ जण तिथे 'अनट्रॅम्पल्ड', म्हणजे पायांखाली न तुडवलेलं, असं वाचतात. झानाइझरला ते अभिप्रेत नव्हतं. अशा रानात माणसाने पायी हिंडायला कायद्याची हरकत नाहीच. प्रश्न आहे निसर्गाला वेसण घालण्याचा. म्हणून वीज पडून लागलेला वणवा विझवला, तर देखरेख करणारी सरकारी खाती त्याचीही नोंद 'ट्रॅमलिंग' अशीच करतात.